डावरा वकील

पौडला मी शिक्षिका म्हणून हजर झाले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि पुण्याच्या पेठेत जन्मल्याचा भरपूर ताठा एवढं सामान होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आपण खेड्यात जाऊन काहीतरी मोठं काम करणार, अशी माझी पक्की समजूत होती. खेड्याला तसं काही वाटत नव्हतं. एस.टी.तून उतरल्यावर एका माणसाला मी शाळेची वाट विचारली, तर त्याने आधी माझं गाव विचारलं, मग वडील काय करतात, मग लग्न का नाही झालं. सगळी माहिती पदरात पडल्यावर त्याने सांगितलं की शाळेला आज सुट्टी आहे.

मला खोली मिळाली ती आत्याकडे. ती माझी कुणी नव्हती. ती त्या गावचीच लेक, लग्नानंतर नवरा तिच्याकडे राहायला आलेला, म्हणून अख्खं गाव तिला आत्या म्हणायचं आणि तिच्या नवऱ्याला आतोबा. आतोबा भात लावायचे, भात कापायचे आणि बाकीच्या वेळात गप्प बसायचे. घरातलं बोलण्याचं काम त्यांनी बोहल्यावरच बायकोकडे सोपवलं असावं. आत्याने ते मनापासून सांभाळलं होतं. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं की मी फार बारीक आहे, फार भरभर बोलते आणि भाकरी तोडण्याची माझी पद्धत बघवत नाही. मला राग आला. माझा राग तेव्हा नाकावरच असायचा. पण तिने ताटात दुसरी भाकरी वाढली आणि वर तूप ओतलं, तेव्हा मी तो तात्पुरता बाजूला ठेवला.

आत्याच्या परसातून एक पायवाट नदीच्या पाणवठ्याकडे उतरत होती. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्ये माणसाच्या पायांनीच झालेली वाट. आळीतल्या बायका सकाळी त्याच वाटेने धुणी घेऊन, हंडे घेऊन जायच्या. अर्ध्या वाटेवर कमरेएवढा एक धोंडा होता. येताना भरलेला हंडा त्यावर टेकवायचा, दम खायचा आणि सासूबद्दल काय बोलायचं ते तिथेच बोलून घ्यायचं, असा रिवाज होता. घरी पोचल्यावर त्या सगळ्या एकदम शहाण्यासारख्या वागायच्या. मीही त्या धोंड्याशी बसून गाव जेवढं शिकले तेवढं शाळेत शिकले नाही.

त्या वर्षी भात निघालं आणि तात्याने ती वाट बंद केली. तात्या म्हणजे आत्याचा चुलत भाऊ. वाटेलगतची खाचरं त्याची. कोकणातून त्याने आंब्याची कलमं आणून लावली होती आणि ती गुरांनी खाऊ नयेत म्हणून करवंदीच्या काट्यांची जाडजूड कुपाटी घातली. वाट, धोंडा, सगळं कुपाटीच्या आत गेलं. माणूस वाईट नव्हता. दर भाऊबिजेला आत्याकडून ओवाळून घ्यायचा. पण कलमांपुढे त्याला बहीण दिसेना.

आता बायकांना पाण्याला जायचं तर बाजारातून, एस.टी. स्टँडवरून वळसा. स्टँडवर दिवसभर बिड्या ओढत बसलेली माणसं असायची. नव्या सुनांना ओल्या लुगड्यांचं बोचकं घेऊन त्यांच्यासमोरून जायचं म्हणजे मरण वाटे. वेळ जाई तो वेगळाच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बोलायला जागा उरली नाही. आत्या दोनदा तात्याच्या दारात जाऊन आली. माझं रान हाय, एवढंच तो म्हणे. आळीतल्या पुरुषांनी हात वर केले, भावकीत कज्जा कशाला, म्हणाले. पाणी त्यांना भरायचं नव्हतं.

आत्याच्या ते फार जिव्हारी लागलं. एका दुपारी तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली की आणखी चार वर्षं अशी गेली तर इथे वाट होती हे सुनांना सांगूनही पटणार नाही. ती एरवी भांडून मोकळी होणारी बाई. त्या दिवशी भांडली नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

आणि मग तंबूतला सिनेमा आला.

थंडीच्या दिवसांत तो दर वर्षी यायचा. दिवसा बैलगाडीतून कर्ण्यावर पुकारा व्हायचा आणि दिवेलागणीनंतर तंबूत खेळ. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा टांगलेला. एका अंगाला यंत्र आणि पुरुष. दुसऱ्या अंगाला, म्हणजे पडद्याच्या पाठीमागे, बायका. खेळ सुरू व्हायच्या आधी एक माणूस पडद्यावर पाणी मारायचा, म्हणजे चित्र कापडातून आरपार येऊन बायकांनाही दिसायचं. मी पहिल्याच दिवशी तंबूवाल्याशी कडाकडा भांडले. तो शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "बाई, पडदा येकच हाय. जे म्होरं दिसतंय तेच मागं दिसतंय."

मागे काय दिसत होतं ते मला माहीत होतं. अक्षरं उलटी दिसत होती. पडद्यावर लिहिलेली पाटी आली की मी उजवीकडून डावीकडे वाचून बायकांना मोठ्याने सांगायचे आणि त्यातच माझा निम्मा सिनेमा जायचा.

त्या साली आलेला बोलपट कोर्टातला होता. इंग्रजांच्या काळातलं एक संस्थान. राजवाड्यासमोरच्या रस्त्यावरून एका वस्तीतल्या माणसांना चालायची बंदी. त्याच वस्तीतला एक मुलगा शिकून वकील होतो, त्यांच्यातला पहिलाच, आणि आपल्या माणसांना त्या रस्त्यावरून चालता यावं म्हणून सरकारदरबारी उभा राहतो. ना त्यात नाच, ना मारामारी. नुसता एक काळ्या डगल्यातला किडकिडीत माणूस आणि त्याचे प्रश्न. मला वाटलं बायका कंटाळून झोपणार. पण त्या पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. वकील शेवटचा प्रश्न विचारतो आणि राजवाड्याचाच म्हातारा पहारेकरी खरं बोलून जातो, तेव्हा आत्याने माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी मला फळ्यावर लिहिता येईना.

आठवडाभर तो खेळ होता आणि आत्या एकही दिवस चुकली नाही. शेवटच्या दिवशी घरी आल्यावर चुलीपुढे बसून तिने विचारलं, "बाई, अर्ज कसा लिवत्यात?"

अर्ज मी लिहिला. सांगितला तिने, पण तिने सांगितलेले तात्याविषयीचे बरेच शब्द मला गाळावे लागले. वाटेच्या तक्रारी पौडच्याच मामलेदार कचेरीत चालतात हे मला शाळेच्या हेडमास्तरांकडून कळलं होतं. आतोबांनी अर्जावर नजर टाकली आणि कधी नाही ते बोलले, "जाऊ द्या अर्ज. एकदाचं हू द्या." आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली.

तारखेच्या दिवशी मी रजा काढली. आत्याने लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि काखेत लाल फडक्यात गुंडाळलेली पोथी होती. ही कशाला, मी विचारलं, तर कोर्टात लागते म्हणाली. पोथी तिच्या आजाची, देव्हाऱ्यातली. आळीतल्या सगळ्या बायका मागून निघाल्या. कचेरीच्या शिपायाने अडवलं तेव्हा एकीने त्याला सांगितलं की आम्ही प्रेक्षक आहोत. सिनेमात कोर्टात बसलेली माणसं तिने पाहिली होती, तेव्हा आपलाही तो हक्क आहे असं तिला वाटत होतं. शिपाई बाजूला सरला. बायका दारात दाटीवाटीने बसल्या.

मामलेदारसाहेब पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा. तात्याने पुण्याहून वकील आणला होता. तात्या त्याच्यामागे नवा फेटा बांधून उभा होता आणि बहिणीकडे न बघण्याचा त्याचा प्रयत्न चालला होता. कारकुनाने आत्याला बोलावलं आणि ईश्वराला स्मरून खरं सांगेन असं म्हणायला सांगितलं. आत्याने पोथी टेबलावर ठेवली, फडकं सोडलं, नमस्कार केला आणि डावा हात तिच्यावर ठेवून खणखणीत आवाजात शपथ घेतली.

तात्याचा वकील ताडकन उभा राहिला. साहेबांनी पाहून ठेवावं, म्हणाला, ही बाई पोथीवर डावा हात ठेवते आहे. उलट्या हाताची शपथ लागू होत नाही असा या लोकांचा समज असतो. म्हणजे ही खोटं बोलायलाच आलेली आहे, हिचं काही एक ग्राह्य धरू नये.

पोथीवर डावा हात, आणि तो आत्याचा? ती डाव्या हाताने कुणाला हळदीकुंकवाची डबीसुद्धा देत नसे. साहेबांचा चेहरा कठीण झाला. आत्या मात्र वकिलाकडे कीव आल्यासारखी बघत होती.

"कोर्टाची रीतच हाय ती," ती म्हणाली. "उजवा देवाचा, डावा सरकारचा."

साहेबांनी विचारलं, ही रीत तुम्हाला कुणी सांगितली. सांगायला कशाला पाहिजे, आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, आत्या म्हणाली, आठ दिवस रोज पाहिली आहे, तंबूत. वकील डाव्या हाताचा, साक्षीदार डाव्या हाताचे, न्यायाधीशही डाव्या हातानेच लिहितो. दारातल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यावर तात्याला राहवेना. त्याने तो सिनेमा खुर्चीत बसून बघितला होता आणि वकील चांगला उजवा होता, असं तो म्हणाला. एक बाई दारातून म्हणाली, मग तात्यांना डोळ्यांचं औषध घाला. कारकूनही सिनेमा बघून आला होता, तो तात्याच्या बाजूने बोलला. वाट राहिली बाजूला आणि मामलेदार कचेरीत त्या वकिलाचा हात कोणता यावर कज्जा सुरू झाला.

आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. मी भर कचेरीत हसत सुटले. हसणं आवरेना. साहेबांनी मला बोलवून घेतलं आणि यात हसण्यासारखं काय आहे ते सांगण्याची आज्ञा केली. मी सांगितलं की बायकांना पडद्याच्या मागे बसवतात. मागून सगळं उलटं दिसतं, उजव्याचं डावं होतं. या बायांनी उभ्या जन्मात पाहिलेलं एकमेव कोर्ट पाठीमागून पाहिलेलं आहे.

नंतर बायकांशी बोलताना मला बाकीचंही कळलं. तंबूतल्या देवादिकांच्या सिनेमात देव डाव्या हाताने आशीर्वाद देतात हे त्यांना कधीच दिसलं होतं. पण देव घरोघरी होता, त्याचा हात ताडून पाहता येत होता, तेव्हा सिनेमावाल्यांना रीतभात नाही असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. कोर्ट कुणी पाहिलेलंच नव्हतं. तिथे सिनेमा सांगेल ते खरं.

साहेबही हसले. चष्मा काढून पुसावा लागला इतके हसले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी शिपायाला विचारलं, आमच्या घरची मंडळीही गेली होती सिनेमाला, ती कुठे बसली होती. शिपाई जमिनीकडे बघत म्हणाला, "मागंच, साहेब." साहेबांचं हसू जरा कमी झालं. त्यांनी चष्मा लावला आणि आत्याला मऊ आवाजात सांगितलं की शपथ उजव्या हाताने घेतली तर बरं.

आत्या हसत नव्हती. आपल्याला खोटं ठरवलं होतं, एवढंच तिला कळलं होतं. तिने पोथीवरचा डावा हात उचलला, त्याच्याकडे पाहिलं, उजवा ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "हात बदलला म्हणून वाट बदलत न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. वाट कुठून निघते, कुठे उतरते, धोंडा कुठे आहे. दारातल्या बायका मान वर करून बघत होत्या. सांगून झालं तरी आत्या हलेना. तिला तात्याला एक प्रश्न विचारायचा होता. सिनेमात विचारतात, म्हणाली. वकील हरकत घेऊ लागला, पण अर्जदाराला विचारता येतं असं म्हणून साहेबांनी परवानगी दिली.

तात्या पुढे आला. पोथी त्याने ओळखली. तो त्याचाही आजाच होता. उजवा हात पोथीवर ठेवताना त्याला फेटा जड झाल्यासारखा वाटत असावा, दोनदा सारखा केला. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही.

"तात्या, काकी पान्याला कुटनं जायची?"

काकी म्हणजे तात्याची आई. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. वकील घाईघाईने म्हणाला की याचं उत्तर देण्याची गरज नाही. तात्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो पोथीवरच्या आपल्या हाताकडे बघत होता.

"तितनंच," तो म्हणाला. "आता कलमं हाईत तितनं. धोंड्यावर हंडा टेकायची. मी संगं असायचो."

तात्याने फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसलं. मी आत्याकडे पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि ती ते पुसतही नव्हती.

साहेब जागेची पाहणी करायला येणार होते, मग हुकूम निघणार होता. पण त्याच्या आधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, परसात कोयत्याचा आवाज ऐकू आला म्हणून आम्ही धावलो. तात्या स्वतः कुपाटी तोडत होता. आतोबा न सांगता काटे ओढायला गेले. आत्याने दोघांना गुळाचा चहा नेऊन दिला आणि भावाला सांगितलं की कलमांना कुणाचं जनावर तोंड लावणार नाही, ही तिची जबाबदारी. वर तिने आळीत फतवा काढला की पाणवठ्यावरून येताना प्रत्येकीने एकेका कलमाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं. धोंड्याशी हंडे टेकायचे, बोलून घ्यायचं, कलमाला पाणी घालायचं आणि घरी जाऊन शहाण्यासारखं वागायचं. त्या उन्हाळ्यात तालुक्यात कुणाची कलमं जगली नसतील तशी तात्याची जगली.

तंबूवाला मुळशीकडची गावं करून परतीच्या वाटेवर पुन्हा पौडला उतरला, तेव्हा आत्या त्याच्याकडे गेली. मी सोबत होते, पण या खेपेला मी तोंड उघडलं नाही, गरजच पडली नाही. त्याने आपलं जुनंच उत्तर दिलं, म्होरं काय आन मागं काय, सारखंच दिसतंय. सारखंच दिसत असेल तर पुरुषांना मागे बसव, आत्या म्हणाली. तो हसला. तिने विचारलं, अर्ज करू का. तंबूची परवानगी मामलेदार कचेरीतून मिळते हे तंबूवाल्याला चांगलं ठाऊक होतं, आणि आत्याची केस तोवर सगळ्या मुलखात गाजली होती. त्याने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि बायकांची बाजू बदलली.

तोच सिनेमा होता. आम्ही पुढे बसलो, मामलेदारीणबाईंसकट. पाटी सुलटी आली आणि मला वाचून दाखवावी लागली नाही. ज्यांना वाचता येत होतं त्या पोरी स्वतःच ओरडून वाचू लागल्या, आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांना गप्प बसा म्हणायचंही विसरले. मग कोर्ट आलं. साक्षीदाराने ग्रंथावर उजवा हात ठेवला. आत्याने आपले दोन्ही हात मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले.

"बाई," ती हळूच म्हणाली, "म्हंजी ह्ये म्होरच्या समद्यांना ठावं व्हतं?"

मी हो म्हणाले. ती पदर खोचून ताठ बसली आणि पुढचा सगळा सिनेमा तिने असा पाहिला, जणू आधी कधी पाहिलाच नव्हता. वकील जिंकला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, पलीकडून मात्र कुरकूर ऐकू येत होती.

खेळ सुटल्यावर तात्या कनात वर करून आमच्याकडे आला. फेटा विस्कटलेला, वैतागलेला. मागून काही म्हणजे काही कळत नाही, तो म्हणाला, अक्षरं उलटी, माणसं उलटी, आणि तो वकील तर सरळ सरळ डावरा आहे. डोकं दुखायला लागलं.

आत्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हुईल सवय, तात्या," ती म्हणाली. "आमाला झालीच की."